करंट आधी की सराव? स्किझोफ्रेनियातल्या विसराळूपणाबद्दल

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे तो इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचा धाकटा भाऊ २८ वर्षांचा आहे, बी.कॉम. झालेला. सहा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या नियमित चालू आहेत आणि गेली दोन वर्षं नसलेले आवाज ऐकू येणं जवळजवळ थांबलं आहे. पण तीन वस्तू आणायला सांगितल्या की एकच घेऊन येतो. डोंबिवलीहून ठाण्याला निघाला की चुकीच्या गाडीत बसतो. कुरिअरच्या ऑफिसातली नोकरी गेली, कारण साहेबांनी सांगितलेली कामं अर्धवट राहत होती. आता एका खासगी क्लिनिकने वीस सिटिंगचं पॅकेज सुचवलं आहे. त्यात डोक्याला हलका करंट द्यायचा आणि सोबत कॉम्प्युटरवर स्मरणाचे खेळ घ्यायचे. आईला हा शॉकच वाटतो. तुम्हाला ही शेवटची संधी वाटते, म्हणून दागिने ठेवून पैसे उभे करायचा विचार आहे.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्या शुभार्थींचं (आजार असलेल्या व्यक्तीला आम्ही शुभार्थी म्हणतो) लक्ष, स्मरण आणि रोजची कामं यांवर मुंबईत बरीच वर्षं काम करते. करंट देण्याच्या खोलीतही बसले आहे आणि सराव घेण्याच्या टेबलावरही. औषधं लिहिणं माझ्या अखत्यारीत येत नाही, त्यामुळे खाली जिथे गोळ्यांचा विषय येईल तिथे तो तुमच्या सायकिअॅट्रिस्टशीच बोलायचा आहे.

थेट उत्तर असं: दागिने ठेवू नका. हा करंट घातक नाही, आणि योग्य हातात तो थोडी मदत करूही शकतो. पण त्याला जो पहिला नंबर दिला जातोय तो त्याचा नाही. त्याच्या आधी करायच्या दोन गोष्टी आहेत. त्यांना खर्च फार कमी येतो आणि त्यांतून होणाऱ्या फायद्याची खात्री करंटपेक्षा जास्त आहे.

भावाची स्मरणशक्ती गेली असं तुम्ही लिहिलंय. पण त्याच पत्रात पुढे असंही आहे की २०११ च्या वर्ल्ड कप फायनलमधल्या ओव्हर्स तो आजही सांगतो. म्हणजे जुना साठा जागेवर आहे. अडचण आहे ती ऐकलेली गोष्ट काही सेकंद मनात धरून तिच्यावर काम करण्यात. याला आम्ही वर्किंग मेमरी म्हणतो. घरात कपाटं भरलेली असावीत पण स्वयंपाकाचा ओटा वीतभर असावा, तसं हे असतं. दुसरं भांडं ठेवायला गेलं की पहिलं खाली पडतं. तो दुकानात जातो तेव्हा कोथिंबीर, पाव आणि हळद हे तिन्ही डोक्यात असतं. दुकानदार विचारतो, "पाव किती? लादी की अर्धी?" उत्तर देईपर्यंत हळद गेलेली असते. त्याच्या जोडीला लक्ष टिकवणं, मेंदूचा वेग आणि नवीन ऐकलेलं शिकणं हेही मंदावलेलं असतं.

हे त्याच्या आजाराचाच भाग आहे. कित्येकांमध्ये ते पहिला झटका येण्याआधीपासून दिसतं. अकरावी-बारावीत मार्क अचानक घसरले, मुलगा मागे पडला, असं घरचे नंतर आठवून सांगतात. म्हणून "लक्षच देत नाही", "मनावर घेत नाही" हे शब्द घरातून जायला हवेत. नेहमीची औषधं प्रामुख्याने डोपामिन या मेंदूतल्या रसायनावर काम करतात. त्यांनी आवाज आणि संशय शांत होतात, पण या अडचणीला त्यांचा फार उपयोग होत नाही. खास यासाठी म्हणून आजवर एकही गोळी सिद्ध झालेली नाही. आयक्लेपर्टिन नावाच्या औषधावर बऱ्याच जणांची आशा होती, पण २०२५ च्या जानेवारीत त्याच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि त्यांत फायदा दिसला नाही. त्यामुळे लोक करंटकडे वळतात हे मला समजतं.

आईची भीती आधी दूर करू. शॉक म्हणजे ईसीटी. त्यात सुमारे ८०० मिलीअँपिअरचा करंट काही सेकंद देऊन मेंदूत फिट आणली जाते. तेही भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्यावरच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यांच्याशिवाय ईसीटी देण्याला बंदी आहे. तुम्हाला सुचवलेला प्रकार टीडीसीएस आहे. त्यात साधारण २ मिलीअँपिअर करंट वीस मिनिटं देतात, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या दोन स्पंजांमधून. माणूस खुर्चीत जागा असतो, बोलत असतो. सुरुवातीला मुंग्या येतात, खाज येते, नंतर कातडी थोडी लाल दिसते. स्पंज वाळला किंवा नीट बसला नाही तर चटका बसू शकतो, म्हणून समोर माणूस हवा. ईसीटी हासुद्धा काही आजारांत जीव वाचवणारा उपचार आहे हे आईंना जरूर सांगा. पण इथे प्रश्न त्याचा नाही.

आता त्या दोन गोष्टींपैकी पहिली. भावाच्या गोळ्यांची यादी समोर ठेवा आणि तिच्यात ट्रायहेक्सीफेनिडिल आहे का बघा. पॅसिटेन या नावाने ती पुष्कळांना माहीत आहे. मुख्य औषधामुळे हात थरथरतात, अंग आखडतं, ते होऊ नये म्हणून ही देतात. सुरू करताना तिची गरज असते. मग डॉक्टर बदलतात, कागद बदलतात आणि ती गोळी मात्र वर्षानुवर्षं तशीच पुढे जाते. ही गोळी अॅसिटिलकोलिन अडवते, आणि नवीन गोष्ट लक्षात ठेवायला मेंदूला तेच रसायन लागतं. माझ्याकडे स्मरणाच्या तक्रारीसाठी आलेल्या शुभार्थींपैकी काहींना डॉक्टरांनी ती हळूहळू कमी केल्यावर जो फरक पडला, तो माझ्या कित्येक महिन्यांच्या सरावानेही पडला नसता. झोपेसाठी रोज घेतलेली क्लोनाझेपामसारखी गोळीही अशीच तपासून घ्यायला हवी. मात्र हात जोडून सांगते, यातली कुठलीही गोळी घरी आपल्या मनाने बंद करू नका. पॅसिटेन एकदम थांबवली तर अंग आखडणं आणि बेचैनी उसळून येते. मग शुभार्थी मुख्य औषधालाच कंटाळतो आणि सगळं मूळपदावर येतं.

याच भेटीत बी-१२ आणि थायरॉइड तपासायला सांगा. झोप कशी आहे, रात्री घोरतो का, दिवसा डुलक्या लागतात का, मन उदास असतं का, हेही बोला. आवाज थांबल्यावर आपलं काय गेलं हे उमजायला लागतं, आणि तेव्हा आलेलं नैराश्य बाहेरून विसराळूपणासारखंच दिसतं. तो सिगारेट ओढत असेल तर तेही सांगा, कारण धुराने ओलान्झापिन आणि क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण कमी होतं आणि सिगारेट सोडली की ते वाढतं.

करंटमागचं शास्त्र नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यातूनच निर्णय निघतो. इतका हलका करंट मेंदूतल्या पेशींना पेटवत नाही. तो त्यांना किंचित तयारीत आणतो. त्या वीस मिनिटांत जी जोडणी कामात असेल, तिला बळ मिळण्याची शक्यता वाढते. म्हणूनच खुर्चीत नुसतं डोळे मिटून बसलेल्याला करंट देण्यापेक्षा त्याच वेळी स्मरणाचं काम करून घ्यावं, असा विचार पुढे आला. स्पंज साधारणपणे कपाळाच्या वर डाव्या बाजूला लावतात, कारण गोष्टी मनात धरून ठेवण्याच्या कामात मेंदूच्या पुढच्या भागाचा मोठा वाटा आहे. लंडनमध्ये ४९ शुभार्थींवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्यांना खरा करंट आणि निम्म्यांना खोटा, म्हणजे सुरुवातीच्या मुंग्या येऊन बंद होणारा, असं करून सर्वांकडून सराव घेतला. खरा करंट मिळालेल्यांची वर्किंग मेमरी काही आठवड्यांनंतरच्या चाचणीत जास्त सुधारलेली दिसली. त्याआधी अमेरिकेत मिनियापोलिसला जेमतेम दहा जणांवर असाच प्रयोग झाला होता, तिथेही दिशा तीच होती. हे आशादायक आहे. पण ४९ आणि दहा हे आकडे पुन्हा वाचा. एवढ्या लहान अभ्यासांवर कर्ज काढायचं नसतं. शिवाय काही अभ्यासांत खऱ्या आणि खोट्या करंटमध्ये फरक आढळलेला नाही.

कुणी टीडीसीएसऐवजी आरटीएमएस, म्हणजे चुंबकाचे ठोके सुचवले, तर तेही माहीत असू द्या. नैराश्यात त्याचा चांगला उपयोग होतो. स्किझोफ्रेनियात मात्र जर्मनीत १७५ रुग्णांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मरगळ, अलिप्तपणा अशा लक्षणांवर ते खोट्या उपचारापेक्षा सरस ठरलं नाही. त्याच अभ्यासातल्या लोकांचं लक्ष-स्मरण तपासलं तेव्हाही फरक मिळाला नाही. आवाजांसाठी टीडीसीएस वापरतात, बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत त्यावर भरपूर काम झालं आहे. पण तुमच्या भावाचे आवाज थांबलेले आहेत. आवाजांवरच्या यशाच्या गोष्टी ऐकवून कुणी स्मरणाचं पॅकेज विकत असेल तर सावध व्हा.

आता दुसरी गोष्ट, सराव. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझा विश्वास इथे आहे आणि पुरावाही इथेच जास्त आहे. याला कॉग्निटिव्ह रेमेडिएशन म्हणतात. २०२१ साली १३० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात मिळून ८,८५१ लोक होते. निष्कर्ष असा की सरासरी फायदा लहान आहे, पण खरा आहे, आणि तो चाचणीतल्या मार्कांपुरता न राहता रोजच्या वागण्या-जगण्यातही उतरतो. फायदा जास्त कुठे झाला, तर जिथे शिकलेला थेरपिस्ट सोबत बसला होता, जिथे लक्षात ठेवण्याच्या युक्त्या शिकवल्या होत्या आणि जिथे हे सगळं काम-धंद्याच्या पुनर्वसनाला जोडलेलं होतं. शिक्षण कमी असलेल्या आणि लक्षणं जास्त असलेल्या लोकांनाही त्याचा चांगला उपयोग झाला. "याला आता काय शिकवणार" असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जातं, त्यांच्यासाठीच हे आहे.

नुसते कॉम्प्युटरचे खेळ दिले तर माणूस त्या खेळात पटाईत होतो. तिसऱ्या लेव्हलवरून नवव्या लेव्हलवर जातो, घरचे खूश होतात आणि हळद दुकानातच राहते. खेळ हवेतच, पण त्यांचं काम निराळं आहे. समजा पडद्यावर एकामागून एक अक्षरं येतात आणि आत्ताचं अक्षर दोन घरं आधीच्या अक्षरासारखं आहे का ते सांगायचं. तो चुकला की मी विचारते, "आत्ता मनात काय चाललं होतं?" एकजण म्हणतो, काहीच नाही, बघत होतो. मग आम्ही अक्षर पुटपुटून बघतो. जमतं. पुटपुटणं ही त्याची युक्ती झाली. दुसऱ्याला जोड्या करणं सोपं जातं. तिसऱ्याला मध्येच थांबून "एक मिनिट, परत सांगा" म्हणायची हिंमत हवी असते, आणि तीही युक्तीच आहे. सत्राच्या शेवटी ठरवायचं की ही युक्ती उद्या कुठे वापरणार. वापरली का, हे पुढच्या वेळी सगळ्यात आधी विचारायचं.

तुमच्या भावासाठी मी डोंबिवली स्टेशनच निवडेन. इंडिकेटरवर गाडी कुठपर्यंत जाणार, जलद की धीमी आणि वेळ, या तीन गोष्टी एका नजरेत धरायच्या असतात. एवढ्यात अनाउन्समेंट होते, प्लॅटफॉर्म बदलतो आणि जुनं पुसून नवं धरावं लागतं. कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या खेळात हेच तर करतो आपण. पहिल्या आठवड्यात दुपारी, गर्दी नसताना, तुम्ही सोबत उभ्या राहा. त्याने तिन्ही गोष्टी हळू आवाजात म्हणायच्या: "सीएसएमटी, धीमी, दोन बावीस." गाडी पकडायची नाही, फक्त वाचायचं. जमायला लागलं की ठाण्यापर्यंत जायचं. मग तुम्ही मागच्या डब्यात बसायचं. मग तो एकटा जाणार आणि पोचल्यावर फोन करणार. चूक झाली तर त्या दिवशी एक पायरी खाली यायचं. ज्या पायरीवर तो बहुतेक वेळा बरोबर येतो तिथेच सराव होतो; सतत चुकत राहिलेला माणूस सोडून देतो. आणि नातेवाइकांसमोर त्याची परीक्षा कधी घेऊ नका.

सोबत खिशात छोटी वही, मोबाइलचा अलार्म आणि गोळ्यांचा आठवड्याचा डबा हवाच. वही वापरली तर मेंदूला व्यायाम कसा होणार, असं पालक विचारतात. पण आपल्याला त्याला कामावर टिकवायचंय. कुरिअरच्या साहेबांनी सांगितलेली चार कामं त्याने तिथल्या तिथे लिहून परत वाचून दाखवली असती तर कदाचित ती नोकरी टिकली असती. पुढच्या नोकरीत पहिल्या दिवसापासून हे करायचं. रोज अर्धा तास दमदार चालणं यात जोडा. व्यायामाने स्किझोफ्रेनियातल्या लक्ष-स्मरणाला मदत होते याचे चांगले पुरावे आहेत, आणि या औषधांनी वाढणाऱ्या वजनासाठीही ते हवंच.

हे सगळं आठवड्यातून दोन-तीनदा, तीन-चार महिने चालतं. किती फरक पडेल हे आजार किती जुना आहे, मूळ लक्षणं किती शांत आहेत, त्याची स्वतःची इच्छा आणि घरातलं वातावरण यांवर अवलंबून आहे. अगोदरचा तो पूर्णपणे परत येईल असं मी सांगणार नाही. पण तीनपैकी तीन वस्तू आणणं, एकट्याने ठाण्याला जाणं, सोप्या कामावर टिकणं हे मी पुष्कळांमध्ये घडताना पाहिलं आहे.

मग करंट कधी? गोळ्यांचा आढावा झाला, सराव सुरू होऊन काही आठवडे झाले, त्याला तो आवडतोय, आणि कर्ज न काढता परवडतंय, तर सरावाला जोड म्हणून करून बघायला माझी हरकत नाही. क्लिनिकला आधी हे विचारा: करंट चालू असताना सराव घेणार की नंतर? सोबत कोण बसणार, आणि त्याचं शिक्षण काय? फिट येण्याचा इतिहास, डोक्यात धातू, पेसमेकर, डोक्यावर जखम हे कोणी तपासलं? भावाच्या सायकिअॅट्रिस्टला कळवलंय का? आणि सुधारणा कशावर मोजणार? उत्तर "खेळातल्या स्कोअरवर" असं आलं तर पैसे भरू नका. ऑनलाइन मिळणारी घरगुती मशिनं तर आणूच नका.

आणखी एक गोष्ट भावाला तुम्ही स्वतः विचारा. आजार जोरात होता तेव्हा त्याला असं वाटत होतं का, की कुणीतरी डोक्यात लहरी सोडतंय, चिप बसवलीय, करंट देतंय? ही कल्पना या आजारात पुष्कळदा दिसते. अशा माणसाच्या डोक्याला आपणच तारा लावल्या तर जुनी भीती पुन्हा जागी होऊ शकते. तसं असेल तर मी करंटचा विषय बाजूला ठेवेन, किंवा सायकिअॅट्रिस्टबरोबर बसून अगदी सावकाश ठरवेन. तसं नसेल तरी मशीन आधी त्याला दाखवा, स्पंज हातात घेऊ द्या, मध्येच थांबवायचं बटण कुठे आहे ते कळू द्या. तुमच्या पत्रात तुम्ही आहात, आई आहे, क्लिनिक आहे. त्याला काय हवंय हे मात्र कुठे दिसलं नाही. तो सज्ञान आहे आणि आज त्याची समज चांगली आहे, तेव्हा हा होकार त्याचाच हवा.

सरावासाठी महागड्या जागेचीच गरज नाही. पालिकेच्या केईएम, सायन आणि नायर या तिन्ही रुग्णालयांना जोडून ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवून देणाऱ्या उपचाराचं, शिक्षण चालतं. सायकिअॅट्री ओपीडीत जाऊन लक्ष-स्मरण आणि कामाच्या सरावासाठी तिकडे पाठवा असं स्पष्ट सांगा, कारण मागितल्याशिवाय ही चिठ्ठी क्वचितच मिळते. डोंबिवलीहून ठाणे जवळ पडतं, तिथल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेतही चौकशी करा. तुमचा स्वतःचा धीर खचला तर १४४१६ या टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं आणि शुभंकरांनीही, म्हणजे काळजी घेणाऱ्या घरच्यांनीही, तिथे बोलायला हरकत नाही.

डॉक्टरांकडे जायच्या आधी दोन आठवडे एक वही ठेवा. तीनच कामं निवडा, तीही भावाला विचारून: दुकानातून तीन वस्तू आणणं, स्टेशनवर योग्य गाडी ओळखणं, आणि एक त्याच्या आवडीचं. रोज जमलं की नाही एवढंच लिहा, आणि नाही तर कुठे अडलं ते. ही वही, सध्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि क्लिनिकने दिलेला पॅकेजचा कागद असं तिन्ही घेऊन त्याच्यासोबत जा. वहीतल्या नोंदी डॉक्टरांना त्यालाच वाचून दाखवू दे. पॅसिटेनबद्दल काय ठरलं ते मला इथे जरूर कळवा, सराव कुठून सुरू करायचा ते त्यावरून सांगेन.